अंधारखोली आणि सूचनावही

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी स्वप्ना मोडकची अंधारखोली गेली.

खोली जागच्या जागीच होती. गोखिवऱ्यातल्या त्या कॉलेजच्या तळमजल्यावर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून, दहा फूट बाय चौदा फूट. खिडकी एकही नाही, भिंतींना काळा रंग आणि दाराला दुहेरी काळा पडदा. फक्त आता तिच्यात बारा कॉम्प्युटर येऊन बसले होते, पडदे धोब्याकडे गेले होते आणि दारावर ‘पाठद्वार केंद्र’ अशी पाटी लागली होती.

“खिडकी नाही म्हणजे चोर नाही, धूळ नाही, पावसाचं पाणी नाही,” प्राचार्य रामनाथ म्हात्रे कौतुकाने म्हणाले. “मोडक मॅडम, अशी खोली सबंध कॉलेजात दुसरी नाही.”

“म्हणूनच ती अंधारखोली आहे, सर.”

“आता उजेडखोली करू!” असं म्हणून प्राचार्य स्वतःच हसले.

पाठद्वार ही विद्यापीठाने २००८ साली काढलेली नवी व्यवस्था. प्राध्यापकांनी आपापली टिपणं तिच्यावर चढवायची आणि विद्यार्थ्यांनी ती कुठूनही, कधीही वाचायची. तोवर ही सोय गेटसमोरचा सोनू झेरॉक्सवाला करत असे. त्याच्याकडे प्रत्येक सरांच्या नावाची एक फाइल होती आणि तीत त्या सरांच्या टिपणांची प्रत, किंवा प्रतीची प्रत, असायची. तिला सोडून कॉलेजातले तेवीस प्राध्यापक सोनूच्या दुकानातून पाठद्वारावर नेण्याचं काम प्राचार्यांनी स्वप्नाकडे दिलं. भौतिकशास्त्रातही वायरी असतात आणि कॉम्प्युटरलाही असतात, हे त्यामागचं कारण.

स्वप्नाने एकच अट घातली. तेविसांपैकी प्रत्येकाचा एक पाठ चढला की कॉम्प्युटर ग्रंथालयात जातील आणि अंधारखोली परत मिळेल. प्राचार्यांनी ‘हो’ म्हटलं. बारा मार्चला तिच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार, सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली भिंगात बारीक वलयं मोजायची, आणि उजेडात ती वलयं दिसत नाहीत. मुलं अठरा होती. खोलीतून निघालेले सहा सूक्ष्मदर्शक तूर्त स्टाफरूममधल्या कपाटावर ठेवले होते आणि त्यांतल्या एकाच्या नळीला वाणिज्यच्या मीरा मॅडम डब्याची पिशवी अडकवत असत.

पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणाला नऊ जण आले, कारण कॉम्प्युटरसाठी म्हणून खोलीत एसी बसला होता. दुसऱ्या दिवशी चार जण आले, कारण एसी फार लागतो. मराठीच्या श्रीरंग सरांनी तासभर बसून ‘क’ हे अक्षर उमटवलं आणि घाम पुसला.

“झालं ना? आज एवढं पुरे.”

“सर, पुढे काहीतरी लिहा ना. निदान शब्द तरी.”

“मॅडम, घाई करू नका. बाराखडी शिकायला मला पहिलीत वर्ष लागलं होतं.” खुर्ची मागे सारत त्यांनी आवाज खाली आणला. “आणि खरं सांगू? प्लासिड सरांचं झालं का? त्यांचं झालं की आमचं झालंच समजा.”

हे प्रत्येक जण म्हणत होता. प्लासिड तुस्कानो वनस्पतिशास्त्र शिकवत आणि कॉलेजातले सगळ्यांत ज्येष्ठ होते. भुईगावला त्यांची वाडी होती. पहाटे सोनचाफा उतरवून बाजारात धाडायचा आणि मग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बरोबर दहाला वर्गात उभं राहायचं, हा क्रम सत्तावीस वर्षांत चुकला नव्हता. पगारवाढ असो की सहल, प्लासिड सर काय करतात ते बघून बाकीचे करत. आणि प्लासिड सर पाठद्वार केंद्राच्या दारापर्यंतसुद्धा येत नव्हते.

स्वप्ना त्यांना व्हरांड्यात गाठायची.

“बाई,” ते शांतपणे म्हणाले, “सत्तावीस वर्षं मी फळ्यावर जास्वंद काढतोय. पाकळी कुठे वळते ते बोटांना ठाऊक आहे. तुमच्या बटणाला ठाऊक आहे का?”

“बटणाला काहीच ठाऊक नसतं, सर. तुम्ही काढलेलं ते फक्त ठेवून घेतं.”

“मग फळ्यानेच काय वाईट केलंय?” असं म्हणून ते चालू लागले.

स्वप्नाने वहीत आलेख काढला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर पाठ. तीस दिवसांत तीन पाठ झाले होते आणि त्यांतला एक श्रीरंग सरांचा ‘क’ होता. तो उदारपणे धरला, तरी ह्या वेगाने तेविसावा पाठ गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी चढणार होता. तिने आकडेमोड दोनदा तपासली. चूक नव्हती.

मग तिने सूचनावही वापरून पाहिली.

सूचनावही म्हणजे लाल कापडी बांधणीची जाड वही. प्राचार्यांनी किंवा कुणी काही कळवायचं असलं की तिच्यात लिहायचं आणि रंभाताई शिपाई ती घेऊन वर्गावर्गात फिरायच्या. आधी प्लासिड सर, मग ज्येष्ठतेने एकेक. सहीच्या शेजारी शेऱ्याचा रकाना होता. प्लासिड सर त्यात ‘वाचले’ असं लिहीत आणि त्याखाली बाकीचे सगळे ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन छोट्या उभ्या रेघा ओढत. शिकवता शिकवता, खडू डाव्या हातात घेऊन. तासाभरात सगळ्यांच्या सह्या व्हायच्या.

स्वप्नाने पाठद्वाराची सूचना लिहिली, तेवीस सह्या आल्या आणि पाठ एकही आला नाही. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने शेवटी एक ओळ घातली : ‘ज्यांनी ही सूचना वाचली असेल त्यांनी सहीखाली एक टिंब काढावे.’

वही तासाभरात परत आली. सह्या तेवीस. ‘वाचले’ एक. दोन रेघा बावीस. टिंब शून्य.

स्वप्ना त्या पानाकडे बघत बसली. रंभाताई दारात घुटमळल्या. त्या खाडीकाठच्या गावातल्या. नववीपर्यंत शिकलेल्या, बारा वर्षं ही वही वाहत होत्या.

“मॅडम, टिंबं मी काढू का? तेवीस काय, आत्ता काढते.”

स्वप्नाने मान वर केली. “तुम्ही वाचलीत सूचना?”

“मी सगल्याच वाचते. वाटंत कोनी इचारलं, रंभा काय आहे गं ह्यात, तर सांगायला नको? पन बारा वर्सांत कोनी इचारलं नाय.”

“आणि सही कशी करतात मग?”

“वही पुढं धरायची, पेन हातात द्यायचं. हात आपला आपन चालतो त्यांचा. एकदा श्रीरंग सरांनी पेन नव्हतं तर खडूनं केली.”

त्या दिवशी फुलपाड्याला घरी जाताना स्वप्ना रिक्षात हिशोब करत होती. कॉलेजात फक्त एकच गोष्ट न चुकता प्रत्येकापर्यंत पोचत होती, आणि ती विद्यापीठाने काढलेली नव्हती. माणसं पाठद्वाराकडे येत नसतील, तर पाठद्वाराला वहीसारखं त्यांच्याकडे जायला हवं.

प्राचार्यांच्या कपाटात एक लॅपटॉप खोक्यासकट पडून होता. जिन्याखाली बसवलेल्या वायरलेसच्या डबीची रेंज दोन मजले पुरत होती. स्वप्नाने सोनूकडून तेवीसच्या तेवीस फाइली आणल्या, प्रत्येकीतला एक पाठ स्कॅन करून लॅपटॉपमध्ये तयार ठेवला, आधीचे तीन पुसले, आणि रंभाताईंना चार दिवस शिकवलं. विद्यापीठाने प्रत्येक सरांना दिलेली चिठ्ठी बघून त्यांचं नाव आणि पासवर्ड घालायचा, त्यांचा पाठ उघडायचा, सरांना विचारायचं, ‘हा तुमचाच ना? मग इथं दाबा.’ त्यांनी दाबलं की ‘बाहेर पडा’ हे बटण दाबायचं आणि मग पुढच्या वर्गात जायचं. अकरा पायऱ्यांचं एक कार्ड तिने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. बाहेर पडणं ही नववी पायरी होती. रंभाताईंनी ते कार्ड पदराला पिन करून लावलं.

सव्वीस फेब्रुवारीला मंगळवारी, साडेदहाला रंभाताई निघाल्या. लॅपटॉप सूचनावहीवर ठेवलेला, दोन्ही हातांत धरलेला, वर फडकं.

स्वप्ना त्या वेळी प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली होती. अंधारखोली नव्हती म्हणून तिने टेबलावरून चारी बाजूंनी काळ्या चादरी सोडल्या होत्या आणि आत दिवा, भिंग आणि एका वेळी दोन मुलं बसवून ती वलयं मोजून घेत होती. चादरीच्या फटीतून सूचनावही आत सरकली. मागोमाग पेन आलं. बाहेर रंभाताईंची पावलं थांबलेली होती. मुलगा म्हणत होता, “मॅडम, अकरावं वलय, पन्नास पूर्णांक…” स्वप्नाने डोळा भिंगावरून न काढता सही केली, शेजारी दोन रेघा ओढल्या आणि वही परत सरकवली.

चार वाजता तिने पाठद्वार उघडलं. एकूण पाठ : तेवीस.

तिने उठून एकटीनेच प्रयोगशाळेला एक फेरी मारली. मग काळ्या पडद्यांसाठी धोब्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी बोलावलं. समोर छापील अहवाल होता.

“मॅडम, विद्यापीठातून फोन आला होता. विचारत होते, हे तुस्कानो सर खो-खोपण शिकवतात का?”

स्वप्नाने कागद हातात घेतला. प्रा. प्लासिड तुस्कानो, वनस्पतिशास्त्र : पाठ तेवीस. त्यांत जास्वंदीचं फूल होतं, संत साहित्याची वैशिष्ट्यं होती, भागीदारीची रचना होती, मान्सूनचे वारे होते आणि खो-खोच्या मैदानाची मापं होती. खाली उरलेल्या बावीस नावांपुढे बावीस शून्यं.

“जिल्ह्यात पहिले आले ते,” प्राचार्य म्हणाले. “अभिमानाचीच गोष्ट आहे. पण आपलं ठरलं होतं तेवीस प्राध्यापक. हा एकच झाला.”

“बारा तारखेला परीक्षा आहे, सर.”

“मग बावीस राहिले,” प्राचार्यांनी सहानुभूतीने वजाबाकी केली.

रंभाताई स्टाफरूमच्या बाहेर स्टुलावर बसल्या होत्या.

“रंभाताई, नववी पायरी?”

“केली की. सगल्यांची मिळून शेवटी एकदम. वही मधीच मिटली की पान नाय गावत, मॅडम. प्लासिड सरांच्या नावानं उघडली ती सगल्यांकडं फिरवून मगच मिटली.”

“मला विचारायचं तरी!”

“इचारलं की,” रंभाताई म्हणाल्या आणि वही उघडून पुढे केली.

कालच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं : ‘मोडक मॅडम, बाहेर पडण्याची पायरी प्रत्येक वेळी न करता सगळ्यांची शेवटी केली तर चालेल का?’ शेजारी स्वप्नाची सही होती. झोकदार. आणि दोन रेघा. कशाच्या वरीलप्रमाणे, ते तिला आता सांगता आलं नसतं.

ती सहीकडे इतका वेळ बघत राहिली की रंभाताईंनीच वही हळूच मिटली.

“चहा आनते,” त्या म्हणाल्या.

स्वप्ना वही घेऊन पाठद्वार केंद्रात येऊन बसली. चहा यायच्या आत प्लासिड सर आले. पहिल्यांदाच ते पाठद्वार केंद्राचा उंबरठा ओलांडत होते.

“बाई, मला आज व्हरांड्यात एका मुलीने अडवलं. वाणिज्यची. मनाली की कोण. म्हणाली, सर, तुमच्या खो-खोच्या मैदानाची लांबी चुकली आहे.” ते थांबले. “मी खो-खो कधी खेळलोसुद्धा नाही.”

“सर, काल तुम्ही लॅपटॉपवर बटण दाबलंत.”

“मी? मी सही केली.”

“कशावर?”

प्लासिड सरांनी टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं.

स्वप्नाने त्यांना टिंबाची सूचना दाखवली. ‘वाचले, प्ला. तुस्कानो’, आणि खाली टिंब नाही. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग, मोजमाप एकाच पट्टीने करायचं ही तिची सवय असल्यामुळे, तिने पान उलटून पेन्सिलीतली ओळ आणि स्वतःची सही दाखवली. सरांनी चष्मा काढून ती दोनदा वाचली.

“म्हणजे तुम्हीपण?”

“टेबलाखाली होते, सर.”

“मी निदान उभा होतो,” प्लासिड सर म्हणाले, आणि ते दोघंही एकदम हसू लागले. चहा घेऊन आलेल्या रंभाताई दारातच थबकल्या. सरांना हसताना त्यांनी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बरं, दाखवा तरी,” सर डोळे पुसत म्हणाले. “माझ्या नावावर काय काय आहे ते.”

स्वप्नाने त्यांचा स्वतःचा पाठ उघडला. जास्वंदीचा उभा छेद. सर पुढे झुकले, आणखी झुकले.

“हे काय आहे?”

“तुमची आकृती, सर. सोनूच्या फाइलमधली.”

“ही जास्वंद नाही. हे करपलेलं आम्लेट आहे.” त्यांचं बोट पडद्यावर फिरत अंडाशयापाशी येऊन थांबलं. तिथे, रेघेच्या जरासा बाहेर, एक वाटोळा काळा ठिपका होता. “आणि हा?”

स्वप्नाने सोनूची उरलेली फाइल आणली आणि पानं उलटली. ठिपका पानापानावर त्याच जागी होता. धोतऱ्याच्या फुलापाशी, निवडुंगाच्या काट्यात, सूर्यफुलाच्या बाहेर हवेत.

“सोनूच्या यंत्राच्या काचेवरचा डाग आहे, सर. वरच्या कडेपासून नऊ सेंटिमीटर. सगळीकडे सारखाच.”

प्लासिड सर खुर्चीत बसले.

“नऊ वर्षं,” ते म्हणाले. “नऊ वर्षं मुलं परीक्षेत मला हा ठिपका काढून दाखवतायत. काही तर त्याला नाव देतात. एकाने बीजांड लिहिलं, एकीने मधग्रंथी. मी प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. वर्गात ओरडलोसुद्धा, फूल कधी नीट बघितलं होतं का म्हणून.” त्यांनी बोट ठिपक्यावर ठेवलं. “त्यांनी बघितलं होतं. सोनूचं.”

रंभाताईंनी चहाचा कप त्यांच्याजवळ सरकवला.

“बाई, तुमचं बटण काढलेलं तसंच ठेवतं म्हणालात ना? ठिपका न घालता?”

“न घालता.”

“मग हे आम्लेट पुसा. मी नवं काढून आणतो.” उठताना त्यांनी सूचनावही ओढून घेतली. “आणि हे बाकीचं सामान ज्याचं त्याने घेऊन जावं. मला संत साहित्य पेलायचं नाही.”

त्यांनी तशी सूचना लिहिली. ती कुणी वाचली नाही. पण ह्या वेळी रंभाताईंनी वही पुढे धरताना आपल्याकडची एकच ओळ जोडली : “सर, तुमचा पाठ प्लासिड सरांच्या नावावर गेलाय.”

श्रीरंग सरांनी खडू खाली ठेवला. “माझं संत साहित्य? वनस्पतिशास्त्रात?”

“जास्वंदीच्या खाली, सर.”

तास सुटायची वाट न बघता ते तळमजल्यावर आले. त्यांच्यामागे मीरा मॅडम, त्यांच्यामागे भूगोल, त्यांच्यामागे क्रीडाविभाग. शिकायला न आलेली माणसं आपलं परत घ्यायला मात्र रांगेत उभी राहिली. आपल्या नावाने आत जायचं, पाठ स्वतः चढवायचा, आपलं नाव पडद्यावर नीट बघायचं, मगच उठायचं. श्रीरंग सरांनी तीनदा बघितलं आणि नावाच्या आधी ‘डॉ.’ कसं घालायचं ते विचारून घेतलं. सात मार्चच्या संध्याकाळी आकडा बावीसवर गेला.

तेविसावे प्लासिड सर होते, आणि ते जास्वंद काढत होते.

आठ तारखेला त्यांनी आणलेलं चित्र स्वप्नाला उत्तम वाटलं. सरांनी ते फाडलं. केसरनलिका पाव मिलिमीटर जाड झाली होती. दहा तारखेला वाडीतलं फूल कोमेजलेलं निघालं, म्हणून दुसरं आणावं लागलं. अकरा तारखेला दुपारी स्वप्ना त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. घाई करा असं म्हणायला ती आली होती. सर नव्या टाकाने अंडाशयाची रेघ ओढत होते, श्वास रोखून. मापं चुकली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, हे तिने स्वतःच अठरा मुलांना शिकवलं होतं. तिने कागदावरची आपली सावली बाजूला केली.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टाक खाली ठेवला. साडेचारला बटण दाबलं, स्वतःच्या बोटाने, आणि दाबण्याआधी पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचलं. सहाला कॉम्प्युटर ग्रंथालयात पोचले. रंभाताईंनी पडदे लावले. मीरा मॅडमनी डब्याची पिशवी जड अंतःकरणाने काढून घेतली.

बारा मार्चला परीक्षा सुरू झाली. अंधारखोलीत सहा दिवे पिवळे जळत होते, बाहेरून आलेले परीक्षक एकेका भिंगातून वलयं बघून मान डोलवत होते आणि स्वप्ना एका मुलाचं वाचन तपासत होती. तेवढ्यात पडद्याच्या फटीतून सूचनावही आत आली. मागोमाग पेन.

डोळा भिंगावरच होता. हात आपोआप पेनाकडे गेला. मग थांबला. स्वप्ना वही घेऊन पडद्याबाहेर उजेडात आली.

‘ग्रंथालयात उकाडा होत असल्याने संगणक तापत आहेत,’ प्राचार्यांनी लिहिलं होतं. ‘सबब एक एप्रिलपासून पाठद्वार केंद्र पुन्हा अंधारखोलीत हलवण्याचा विचार आहे. कोणाची हरकत असल्यास शेऱ्याच्या रकान्यात नोंदवावी.’

खाली सगळ्यांच्या सह्या झालेल्या होत्या. तिची एकच राहिली होती.

“रंभाताई, माझ्याकडे शेवटी का आणलीत?”

“शेऱ्याचा रकाना बघा, मॅडम,” रंभाताई छताकडे बघत म्हणाल्या.

पहिली सही नेहमीप्रमाणे प्लासिड सरांची होती. शेऱ्याच्या रकान्यात नेहमीचं ‘वाचले’ नव्हतं. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं : ‘माझी हरकत आहे.’ सहीखाली एक टिंब. आणि त्याखाली श्रीरंग सरांपासून क्रीडाविभागापर्यंत, एका ओळीत, कुणी शाईने आणि कुणी खडूने, बावीस जणांनी दोन-दोन रेघा ओढलेल्या होत्या.

स्वप्नाने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग सही केली, दोन रेघा ओढल्या, आणि खाली एक टिंब काढलं.